डबल बेलवर सुटणारी गाडी

मी एक जुनी बस आहे. तशी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला समोर दिसतो तो पाइपांचा लांबुडका सांगाडा, मागे दोन धिप्पाड चाकं, पुढे दोन बारकी चाकं आणि मधोमध एकुलती एक खुर्ची. छप्पर नाही, खिडक्या नाहीत, टेकायला दांडी नाही. तरीही सांगते, मी बस आहे. माझं इंजिन बसचं, गिअरबॉक्स बसचा आणि स्वभाव तर पुरेपूर बसचा. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल नाक मुरडावं. माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथे रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे माझं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. निळा रंग लावला, पाटी ठोकली आणि डेपोत पाठवून दिलं. तिथून मी रोज बाजारातून दवाखान्याकडे आणि दवाखान्यावरून गिरणीच्या फाटकाकडे जायची. भाजीची टोपली, बाळंतिणीचं गाठोडं, खांद्यावर डोकं टाकून झोपलेला पाळीवाला कामगार, बाकांवर कंपासने नावं कोरणारी तुमच्यासारखी मुलं, सगळ्यांना मी बिनतक्रार वाहिलं. नावं कोरलेली मला आवडली नाहीत, तेही आजच सांगून टाकते.

माझी चालक एक बाई होती. डेपोत सगळे तिला ताई म्हणत. उंच, हाडाने काटक, बोलायला तुटक. आणि माझा कंडक्टर म्हणजे तिचा सख्खा भाऊ, धाकटा. घरात त्याला सगळे धाकट्याच म्हणायचे, मग डेपोतही तेच नाव पडलं. पुढे ताई, मागे धाकटा, आणि दोघांच्या मधून माझ्या छताखालून जाणारी एक दोरी. दोरीच्या पुढच्या टोकाला, ताईच्या डोक्यावर, पितळी बेल होती. एकदा वाजली तर थांबायचं, दोनदा वाजली तर निघायचं. शेवटचा माणूस नीट आत आला की धाकटा दोरी दोनदा ओढायचा. दुसरी टिंग विरायच्या आत ताईचा डावा पाय क्लचवरून उठलेला असायचा. त्या पायाला आरसा, सिग्नल, शिट्टी यांतलं काही कळत नसे. त्याला फक्त डबल बेल कळायची.

एकदा डेपोचे साहेब पुढच्या बाकावर बसले होते. त्यांना कुठेतरी घाईने पोचायचं होतं.

"चला ना बाई, रस्ता मोकळा आहे," ते म्हणाले.

"बेल झाली नाही, साहेब."

"अहो, मी सांगतोय ना, निघा!"

"तुम्ही पुढे बसलाय. मागचं तुम्हाला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. ज्याच्या हातात दोरी आहे त्याला दिसतं."

मागे एक म्हातारी चढत होती. एक पाय पायरीवर, दुसरा अजून रस्त्यावर, हातात औषधांची पिशवी. ती आत आली, बसली, पिशवी मांडीवर घेतली, तेव्हा कुठे धाकट्याने दोरी ओढली. साहेबांचा चेहरा उतरला होता. मला मात्र त्या दिवशी आपल्या चालकाचा असा अभिमान वाटला की चढावरही मी कुरकुर केली नाही.

मग डेपोत एक यंत्र आलं. माझ्या उभं राहण्याच्या जागेला लागूनच एक खोली होती, तिच्या खिडकीतून मी सगळं बघितलं. एक खुर्ची, खाली पायाने दाबायची पट्टी आणि समोर छोटा दिवा. पट्टी दाबून बसायचं, दिवा लागला की पाय झटकन उचलायचा. किती चटकन उचलला, ते यंत्र सांगायचं. एकेक चालक आत जाऊन हसत बाहेर आला. ताई बसली. दिवा लागला. तिचा पाय जागचा हलला नाही. मग हलला, पण तोवर उशीर झाला होता. पुन्हा दिवा लागला, पुन्हा तेच.

"बाई, तुमचे पाय मंदावलेत," साहेब म्हणाले. "राग मानू नका. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे."

साहेब वाईट नव्हते. यंत्राने सांगितलं ते त्यांनी वाचून दाखवलं. पण आयुष्यभर कुणाला साधा धक्का लागू न दिलेल्या बाईला चारचौघांत मंद म्हणणं म्हणजे काय, ते यंत्राला कसं कळावं? ताईला चौकशीच्या खिडकीत बसवलं. कुठली गाडी कधी सुटते ते तिने लोकांना सांगायचं, स्वतः मात्र सुटायचं नाही. त्याच सुमारास मलाही म्हातारी ठरवून भंगारात काढलं. जायच्या दिवशी धाकट्याने माझी बेल हळूच काढून पिशवीत टाकली. मला वाटलं, चला, माझी एवढी तरी आठवण कुणाच्या घरी राहील.

भंगाराच्या अंगणात मी किती काळ पडून होते, सांगता येत नाही. माझा पत्रा कापून नेला, बाकं नेली, काचा नेल्या. इंजिनावर कोंबड्या बसू लागल्या. मी मनात म्हणायची, बसा, बसा. मी चालू झाले की कळेल तुम्हाला.

आणि एक दिवस वहिनी आली. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको, ताईची भावजय. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवते. पाइप शोधायला आली होती. माझ्या उरल्यासुरल्या दांडीवर तिला एक वेल्डिंगचा सांधा दिसला. ही दांडी एकदा मोडली होती, तेव्हा तिनेच जोडली होती. आपल्या हातचं काम माणूस कुठेही ओळखतो. तिने सांध्यावरून अंगठा फिरवला.

"ही आमची बस आहे," ती भंगारवाल्याला म्हणाली.

"होती," तो म्हणाला.

"आहे," वहिनी म्हणाली आणि टेम्पो बोलावला.

माझं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांचा आस एवढंच टेम्पोत मावलं. पण कुणी मला 'आहे' म्हणालं होतं, मित्रांनो. त्या एका शब्दावर मी पुढचं सगळं सोसलं.

गावाबाहेर एक जुनी, वापरात नसलेली विमानांची धावपट्टी आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांची सरळ शर्यत लागते. वळण नाही, चढ नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. समोरच्या खांबावर तीन पिवळे दिवे एकामागून एक लागतात, मग हिरवा. हिरवा लागला की सुटायचं, जी आधी पलीकडे पोचेल ती जिंकली. हिरव्याच्या आधी चाक पुढे सरकलं तर लाल दिवा लागतो आणि डाव बाद. घरी बांधलेली कसलीही गाडी चालते. वहिनीने हे सगळं शेडमध्ये ताईला सांगितलं. ताई माझ्या इंजिनाजवळ उभी राहून गुपचूप ऐकत होती.

"म्हणजे दिवा लागला की निघायचं, एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, वन्सं."

"अगं, असल्याच दिव्यावर त्यांनी मला मंद ठरवलं. असल्याच दिव्यावर निघून दाखवते. तिथेही मागे पडले, तर पुन्हा स्टिअरिंगचं नाव काढणार नाही. जन्मभर खिडकीत बसेन."

वहिनीने तिथल्या तिथे खडू उचलला आणि शेडच्या फरशीवर माझा नवा आकार काढला, पूर्ण मापाचा. कागदावर काढणं तिला जमत नाही, असं ती म्हणते. मला वाटतं, जमतं, पण खडूच्या रेघेवर पाइप ठेवून कापला की तिला धीर येतो.

आणि मग कामाला जो जोर चढला! गुण्या लावून ती कोपरा तपासायची, आधी वेल्डिंगचा नुसता टाका मारायची, चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायची, मनासारखं नसेल तर ठोकून टाका तोडायची. ताई खिडकीवरून सुटली की थेट शेडमध्ये यायची आणि माझं इंजिन उघडून बसायची. झडपा घासल्या, नळ्या बदलल्या, इंजिनात जादा हवा कोंबणारा, मोडक्या ट्रकचा टर्बो आणून बसवला. तो बसवल्यावर मी पहिला श्वास घेतला तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि शेजारच्या शिंप्याने भिंतीवर काठी आपटली.

"वाहतुकीची बस आहे का राक्षस?" तो ओरडला.

"दोन्ही!" वहिनी ओरडली.

एकच गोष्ट ताईला खटकली. वहिनीने माझ्या नाकाच्या टोकाला लोखंडी फूल जोडलं होतं, फाटकांवर असतं तसं.

"हे कशाला गं? उगाच वजन."

"हात गेला हो वन्सं, सवयीने. काढू?"

ताईने फुलाकडे बघितलं. "राहू दे. बसला शोभतं."

या सगळ्यात धाकटा कुठे होता? घरात. शेडच्या दाराशी येऊन आत न डोकावता जेवायला हाक मारायचा. त्याला बहिणीची काळजी होती, हे खरं. पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. त्याला यंत्राचं पटलं होतं. "ताई, लोक हसतील गं. वय झालं की पाय मंदावतात, त्यात लाज कसली?" असं तो एकदा बोलून गेला. साहेबांचं बोलणं ताईने सहन केलं होतं, भावाचं मात्र तिच्या जिव्हारी लागलं. तिने त्याच्याशी बोलणं सोडलं नाही, फक्त तुटक होतं ते आणखी तुटक केलं.

पहिल्यांदा धावपट्टीवर गेलो तेव्हा मला बघायला गर्दी जमली, आणि ती कौतुकाने नव्हे. लाल गाडीवाला म्हणून एक पोरगेला गॅरेजमालक होता. त्याची गाडी एवढी चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. त्याने माझ्या नाकावरच्या फुलाला बोट लावलं आणि हात झटकला. आम्ही शेजारी उभे राहिलो. पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा. तो सुटला. मी जागेवरच. माझ्या अंगात इंजिन उकळत होतं, क्लच खाली दाबलेला, आणि ताईचा पाय त्यावर खिळल्यासारखा. तो उठला तेव्हा लाल गाडी पार पुढे निघून गेली होती. मग मी अशी धावले की शेवटी तिच्या मागच्या चाकापर्यंत पोचले, पण हरले ते हरलेच.

"काय हो ताई, मागे कुणी चढत होतं का?" लाल गाडीवाल्याने विचारलं आणि सगळं मैदान खदखदून हसलं.

पंच म्हणाला, "गाडीत दम आहे. पण चालक उशिरा निघते." दुसऱ्या खेपेलाही तेच झालं आणि तिसऱ्या खेपेला ताईने मला रांगेतून बाहेर काढलं.

परतीच्या वाटेवर ती एकच वाक्य बोलली. "साहेब बरोबर होते." शेडमध्ये आल्यावर तिने माझ्यावर ताडपत्री टाकली. वहिनी काही बोलायला गेली, पण ताई घरात निघून गेली होती.

मित्रांनो, ते दिवस मला भंगाराच्या अंगणापेक्षाही जड गेले. तिथे निदान कोंबड्या तरी होत्या. इथे वहिनी कुणाच्या फाटकांचे पल्ले मला टेकवून ठेवायची आणि नजर चुकवायची. मला सगळं ठाऊक होतं. तो पाय कशासाठी खोळंबतो, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण लोखंडाला वाचा नसते. रागाने मी तेलाचे थेंब गाळले, ते तिने निमूटपणे पुसून टाकले.

मग वहिनीला मोठ्या फाटकाचं काम आलं आणि शेडमध्ये जागा हवी झाली. भरदुपारी तिने ताईला हाक मारली, "वन्सं, जरा हिला अंगणात काढता का? मला ढकलवत नाही." ताई आली, ताडपत्री ओढली, खुर्चीत बसली. मला चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. शेडच्या दाराचा एक पल्ला उघडा होता, दुसरा उघडायला वहिनी निघाली होती.

तेवढ्यात मागच्या बाजूने धाकटा आत आला. त्याच्या हातात माझी बेल होती. बहीण मिटून गेलेली त्याला बघवत नव्हतं. समजूत कशी काढावी ते सुचत नव्हतं, म्हणून ही जुनी आठवण माझ्या मागच्या पाइपाला अडकवून द्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने बेल अडकवली, दोरी बांधली, आणि वाजते का बघावं म्हणून ओढली. कंडक्टरचा हात तो. एकदा ओढून थांबतो होय?

टिंग टिंग!

दुसरी टिंग माझ्या पाइपांतून उतरायच्या आत ताईचा पाय उठला होता. मी अशी उसळले, अशी उसळले, की न उघडलेला पल्ला बिजागरीसकट घेऊनच अंगणात गेले. शिंपी काठी विसरून बाहेर धावला. वहिनी कडेला होती म्हणून वाचली. ताईने ब्रेक दाबला आणि मागे वळून वहिनीला शोधलं.

"पोरी, लागलं नाही ना तुला?"

 वहिनी धावत खुर्चीपाशी आली आणि खाली वाकून ताईच्या पायाकडे बघत राहिली. "वन्सं, हा पाय मंद आहे? हा?"

धाकटा दाराच्या भगदाडात उभा होता, तुटलेली दोरी अजून मुठीत. त्याचा चेहरा पडला होता. तो पुढे आला आणि सांगू लागला.

"ताई, चुकलो गं मी. तुझा पाय मंदावलेला नाही. तो माझ्या बेलची वाट बघतो. मीच नाही ओळखलं. दोरी माझ्या हातात होती आणि मीच नाही ओळखलं!"

 ताई म्हणाली, "आधी ते दार उचल." पण डोळे पुसले, ते मी पाहिलं.

आता प्रश्न होता तो धावपट्टीचा. तिथे गाडीत दुसरा माणूस चालत नाही, आणि दोन इंजिनांच्या गर्जनेत बाहेरून वाजवलेली बेल कुणाला ऐकू येणार? वहिनीने शेडच्या भिंतीवर डबे ठोकून तीन पिवळे दिवे आणि एक हिरवा बसवला. बटण तिच्या हातात, दोरी धाकट्याच्या हातात, ताई खुर्चीत. पहिला पिवळा नुसता लागायचा. दुसऱ्याला एक टिंग. तिसऱ्याला दुसरी टिंग, आणि पाय वर! माझा क्लच जुना, जड. पाय उठल्यावर चाक सरकेपर्यंत हिरवा लागलेला असायचा. ते गणित आपोआप जुळलं. मग धाकट्याने बेलच्या जिभेला फडकं बांधलं, आवाज दबला. मग फडकं जाड केलं. मग तो दोरी न ओढता नुसता हात हलवायचा. शेवटी हातही मागे बांधून उभा राहिला. तरी तिसऱ्या पिवळ्याला ताईचा पाय उठला, अगदी वेळेवर.

"ऐकू आली?" धाकट्याने विचारलं.

"स्पष्ट," ताई म्हणाली.

पुढच्या शर्यतीला आम्ही गेलो तेव्हा लाल गाडीवाला पुन्हा शेजारी आला. मला बघून म्हणाला, "बस आली, बस आली! सगळे बसले का हो?"

"बसले," ताई म्हणाली आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

पकड यावी म्हणून पाण्यावर जागच्या जागी चाकं फिरवून मी ती तापवली, धूर केला, रेषेवर येऊन उभी राहिले. मैदान माझ्यावर हसत होतं, पण मला काही ऐकू येत नव्हतं. धाकटा कुंपणापलीकडे मुठी आवळून उभा होता, वहिनीने त्याचं मनगट धरलं होतं. पहिला पिवळा. दुसरा पिवळा, टिंग. तिसरा पिवळा, टिंग. ताईचा पाय उठला, हिरवा लागला आणि मी सुटले! माझी चाकं जमीन ओरबाडत होती आणि लाल गाडी अजून रेषेवर होती. काळा धूर सोडत, पाइप खडखडवत, नाकावर फाटकाचं फूल मिरवत मी त्या सबंध पट्टीवर एकदाही तिला पुढे येऊ दिलं नाही.

पलीकडे पोचल्यावर ताईने मला हळूच कडेला उभं केलं. कुणी हसत नव्हतं. लाल गाडीवाला उतरून आला, फुलाकडे बघून म्हणाला, "हे कुठे मिळतं?" वहिनीने त्याला शेडचा पत्ता दिला.

नंतरच्या फेरीत मी हरले. समोरची गाडी माझ्याहून दांडगी होती आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करते. पण सुटताना तिच्याही पुढे मीच होते. पंचाने तसं मोठ्याने जाहीर केलं.

पुढचं मी शेडमध्ये धाकट्याच्या तोंडून ऐकलं. ताई डेपोत गेली आणि पुन्हा त्या यंत्रावर बसली. दिवा लागायच्या आत धाकटा दाराशी येऊन हात मागे बांधून उभा राहिला. दिवा लागला, तिच्या मनात डबल बेल वाजली आणि पाय उठला. यंत्राने जे सांगितलं ते साहेबांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बाई, मागच्या वेळी असं का झालं होतं मग?"

"मागच्या वेळी तुम्ही विचारलं नव्हतं," ताई म्हणाली.

तिला नवी बस मिळाली. त्या बसला बेल नव्हती, कंडक्टरने बटण दाबलं की चालकासमोर दिवा लागायचा. ताईला आता दिवाही जमतो. तरीही बसमध्ये पाऊल टाकण्याआधी तिने साहेबांना सांगितलं, "दिवा असू दे. दोरी आणि बेलही लावा. दिवा फक्त मला दिसतो, बेल मागच्या पायरीवरच्या माणसालाही ऐकू जाते. त्याला कळतं, आपण आत आलो हे कुणीतरी बघितलंय." साहेबांना ती म्हातारी आठवली असावी, कारण ते नाही म्हणाले नाहीत. माझी पितळी बेल तिथे गेली. माझ्या मागच्या पाइपावर आता बेल अडकवायचा नुसता आकडा उरला आहे.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला माझं एकच मागणं आहे. जुन्या वस्तूला हात लावताना ती अजून काय करू शकते ते बघा. आणि तुमच्या वर्गात, घरात, रस्त्यात कुणी उशिरा निघत असेल, उशिरा उत्तर देत असेल, तर त्याला मंद म्हणून मोकळे होऊ नका. तो कशाची वाट बघतोय, ते आधी विचारा. विचारायला वेळ नसेल तर निदान हसू तरी नका, कारण तो कधी ना कधी सुटणारच आहे.

आता बाजूला व्हा बघू. वहिनीने दाराचे दोन्ही पल्ले उघडलेत, या वेळी आठवणीने. ताई खुर्चीत बसली आहे, क्लच दाबलेला आहे. बेल नसली तरी एक टिंग मला ऐकू आली. दुसरी झाली की मी कुणासाठी थांबत नाही.